भारतात राहून अमेरिकेची मतपत्रिका: मागवायची कशी, परत पाठवायची कशी

अमेरिकी नागरिकत्व घेऊन पुण्या-मुंबईत परतलेल्यांचा तिथल्या मतदानाचा हक्क जात नाही. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) भारतात मत देता येत नाही, म्हणून हा हक्क जपायलाच हवा. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र ही वाट नाही.

सुरुवात एफपीसीए (फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन) या अर्जापासून होते. एफव्हॅप डॉट गव्ह (fvap.gov) या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर तो भरता येतो. मतदार नोंदणी आणि मतपत्रिकेची मागणी ही दोन्ही कामं या एकाच अर्जात होतात. तो दरवर्षी जानेवारीत नव्यानं भरावा. गेल्या वर्षीचा चालेल असं धरून बसू नये.

सर्वाधिक घोळ पत्त्यात होतो. मतदानाचा पत्ता म्हणजे अमेरिका सोडण्यापूर्वी जिथे शेवटचे राहिलात तो. घर विकलेलं असलं, तिथे आता दुसरं कुणी राहत असलं, तरी तोच. भावाचा किंवा मित्राचा सोयीचा पत्ता घालू नका, कारण त्या पत्त्यावरूनच तुमची काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आणि मतदारसंघ ठरतो. अमेरिकेत कधीच न राहिलेल्या नागरिक मुलांना अनेक राज्यांत आई किंवा वडिलांच्या शेवटच्या पत्त्यावर मत देता येतं.

‘परतण्याचा विचार आहे’ की ‘अनिश्चित आहे’ हा रकानाही विचार करून भरा. अनिश्चित लिहिल्यास काही राज्यं फक्त अध्यक्ष, सेनेट आणि प्रतिनिधिगृह यांचीच मतपत्रिका देतात. फक्त या पदांसाठी मत दिल्यानं राज्याचा कर मागे लागत नाही. राज्य-स्थानिक पदांसाठी मत देणार असाल तर करसल्लागाराला आधी विचारा.

मतपत्रिका ईमेलनं मागवा. भारतात टपालाची वाट पाहण्यात आठवडे जातात. छापील अर्जावर शाईनं सही करा, तीही अमेरिकेतल्या लायसन्सवर असेल तशीच. इथल्या बँकेसाठी मराठीत सही करत असाल तर ती या अर्जावर नको. सही जुळली नाही की मत अडकतं. नावाचंही तसंच: नोंदणीत मधलं नाव असेल तर अर्जातही हवं. स्कॅन केलेला अर्ज बहुतेक ठिकाणी ईमेलनं चालतो.

वेळेत अर्ज केलेल्या परदेशस्थ मतदारांना संघीय निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका पाठवण्याचं बंधन २००९च्या मूव्ह कायद्यानं घातलं आहे. ३ नोव्हेंबर २०२६च्या निवडणुकीसाठी ती तारीख १९ सप्टेंबर. त्या सुमारास ईमेलमधला स्पॅमही रोज तपासा.

भरलेली मतपत्रिका परत कशी घेतात हे राज्यागणिक वेगळं. काही राज्यं ईमेल किंवा फॅक्स स्वीकारतात, काहींना कागदच लागतो. मतपत्रिका ईमेलनं आली म्हणजे ईमेलनंच परत जाईल असं समजू नका. कागद पाठवताना मतपत्रिका आतल्या पाकिटात ठेवा, प्रतिज्ञापत्र सूचनेत सांगितलेल्या जागी घाला आणि सहीखाली तारीख लिहाच. पोस्टाचा शिक्का पुसट निघाला तर काही ठिकाणी हीच तारीख कामी येते.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत सीलबंद मतपत्रिका देता येते. पाकिटावर अमेरिकेचा टपालखर्च भरलेला हवा. तशा पाकिटाचा छापायचा नमुना एफव्हॅपवर मिळतो. हे टपाल राजनैतिक थैलीतून (वकिलातीच्या खास टपालातून) जातं आणि चार आठवड्यांपर्यंत वेळ घेऊ शकतं, त्यामुळे सप्टेंबरअखेरीसच देऊन टाका. जमा करण्याच्या वेळा आधी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहा. उशीर झाला तर खासगी कुरियर करा, पण निवडणूक कार्यालयाचा रस्त्याचा पत्ता घाला. पोस्ट बॉक्सवर कुरियर पोचत नाही.

अर्ज करूनही ऑक्टोबर उजाडेपर्यंत मतपत्रिका आली नाही तर एफडब्ल्यूएबी ही पर्यायी मतपत्रिका छापा, उमेदवारांची नावं स्वतः लिहा आणि पाठवा. नंतर मूळ मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवा. दोन्ही पोचल्या तरी मोजतात एकच, त्यामुळे दुबार मतदानाची भीती नको.