एमजीबीचं इंजिन बांधताय? मग खालून वर या

एमजीबी, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, हातात आली की सगळ्यांना आधी मोठे कार्ब्युरेटर आणि फास्ट कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमशाफ्ट) हवा असतो, पण माझं ऐका, पहिला पैसा खाली क्रँकवर (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) घाला. हे 1798 सीसी इंजिन म्हणजे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं 1489 सीसी त्याचंच भावंड, त्यामुळे ज्याने अ‍ॅम्बेसेडर उघडलीय त्याला इथे काहीच परकं वाटणार नाही. गाडी 1962 ते 1980 इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनला बनली, पण 1964 च्या शेवटापर्यंत क्रँक तीन मेन बेअरिंगवर होता, नंतर पाच. जोर काढायचा असेल तर पाचवालाच ब्लॉक शोधा.

ब्लॉक उघडा झाला की ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) पितळी प्लग काढायलाच लावा. माझा ब्लॉक एका वर्कशॉपमधून "धुऊन" आला होता, वरून चकाचक, पण मन मानेना म्हणून प्लग काढून लांब ब्रश घातला तर काळा, ग्रीससारखा गाळ निघाला, त्यात बारीक चमकणारा बेअरिंगचा चुरा. तो तसाच राहिला असता तर पहिल्या दहा मिनिटांत नवीन बेअरिंग गेले असते.

क्रँक आधी क्रॅक टेस्ट, मगच ग्राइंड. दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज चालतो, वीसही चालतो. क्रँक, रॉड, पिस्टन, फ्लायव्हील, क्लच सगळं एकत्र बॅलन्स करून घ्या, आणि रॉडचे बोल्ट नवेच टाका, जुने ताणलेले असतात, मोह करू नका. थ्रस्ट वॉशरच्या (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्यांच्या) खाचा क्रँककडे हव्यात, उलटे बसले तर गेलेच. बोल्ट आवळायचा टॉर्क: मेन बेअरिंग 70 पाउंड-फूट, बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) 35 ते 40 (बोल्ट एआरपी कंपनीचे असतील तर त्यांचा आकडा घ्या), हेड 45 ते 50, तेही मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

हेडला मधल्या दोन सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटांच्या मध्ये क्रॅक बघा, तिथेच जातं. अनलेडेड पेट्रोलसाठी एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवा. नवीन कॅम म्हणजे नवे टॅपेट (कॅमवर घासत वर-खाली होणारे तुकडे), जुने कधीच नाही.

आता स्टार्ट. स्पार्क प्लग काढून स्टार्टरवर फिरवा, ऑइल प्रेशर काट्यावर दिसेपर्यंत, त्याआधी पेटवायचंच नाही. झिंकवालं 20डब्ल्यू-50 ऑइल, पेटलं की लगेच 2000 आरपीएम, वीस मिनिटं, आयडलला सोडायचं नाही, कारण कॅमला ऑइल उडूनच मिळतं आणि आयडलला ते पुरत नाही. गरम चालताना प्रेशर 50 ते 80 पीएसआय हवं. 500 मैलांनी थंड इंजिनवर हेड पुन्हा टॉर्क करा, आणि मग टॅपेटचा गॅप परत 15 थाउवर आणा, कारण हेड बसलं की गॅप बदलतोच.