वक्र पृष्ठावर अक्षरं: प्रोजेक्ट करायची की गुंडाळायची?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या डाय-मोल्डच्या (साच्यांच्या) कामात आणि तांब्याच्या गडूवर नाव कोरताना प्रश्न तोच पडतो: सपाट स्केच गोल पृष्ठावर न्यायचं कसं? कॅडमध्ये (संगणकावर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कमांड निवडण्याआधी वस्तू कशी बनणार आहे ते ठरवा. मोल्ड एका दिशेने उघडणार असेल तर प्रोजेक्शन. वस्तू मशीनच्या चौथ्या, फिरणाऱ्या अक्षावर म्हणजे फोर्थ अ‍ॅक्सिसवर फिरवून कोरणार असाल तर रॅप, म्हणजे गुंडाळणं.

प्रोजेक्शनमध्ये रेषा एकाच दिशेने सरळ पृष्ठावर पडतात. समोरून अक्षर अचूक दिसतं, पण कडेला पृष्ठावर ते ताणलं जातं. मध्यापासून ३० अंशांवर ताण सुमारे १५ टक्के, ४५ वर ४१, ६० वर थेट दुप्पट. ६० मिमी व्यासाच्या सिलिंडरवर ५० मिमी रुंद नाव टाकलं तर पृष्ठावर ते ५९.१ मिमी भरतं. म्हणून स्केचची रुंदी त्रिज्येपेक्षा जास्त ठेवू नका, इथे ३० मिमी.

सॉलिडवर्क्स या कॅडमध्ये स्प्लिट लाइन (स्केचची रेषा पृष्ठावर उतरवणारी कमांड) वापरताना ‘सिंगल डायरेक्शन’वर टिक करा, नाहीतर मागच्या बाजूवरही उलटी रेषा उमटते. एकसारख्या खोलीची खाच हवी तर एक्स्ट्रूडेड कटचा (स्केचमधून सरळ कापणारी कमांड) शेवट ‘ऑफसेट फ्रॉम सरफेस’ ठेवा, फेस (वस्तूचं पृष्ठ) निवडा, खोली ०.५ मिमी द्या. कट चुकीच्या बाजूला थांबला तर ‘रिव्हर्स ऑफसेट’. फ्यूजन या दुसऱ्या कॅडच्या ‘प्रोजेक्ट टू सरफेस’मध्ये ‘अलाँग व्हेक्टर’ निवडा. ‘क्लोजेस्ट पॉइंट’ वेगळं गणित करतो: स्पर्श करणाऱ्या प्लेनवरचं तेच ५० मिमीचं नाव सुमारे ४१.७ मिमीवर आकसतं.

रॅपमध्ये लांबी टिकते. स्केचचं प्लेन सिलिंडरला स्पर्शिका हवं आणि प्रत्येक आकृती बंद हवी. मग इन्सर्ट, फीचर्स, रॅप; ‘अ‍ॅनालिटिकल’ पद्धत घ्या, एम्बॉस (उठाव) किंवा डिबॉस (खाच) निवडा, फेस आणि जाडी द्या. फ्यूजनमध्ये हेच काम ‘एम्बॉस’ करतं. पूर्ण घेराची नक्षी असेल तर ६० मिमी व्यासाला घेर १८८.५ मिमी येतो, नक्षी १८८.४ ठेवा, म्हणजे दोन टोकं एकमेकांवर चढून फीचर अडणार नाही.

मोल्डसाठी रॅप घातक ठरतो. अक्षराच्या भिंती पृष्ठाला काटकोनात उभ्या राहतात, त्यामुळे कडेच्या उठावदार अक्षरांच्या बाहेरच्या भिंती अंडरकट होतात (साचा उघडण्याच्या आड येतात) आणि पार्ट कॅव्हिटीत, म्हणजे साच्याच्या पोकळीत, अडकतो. रॅपच करायचं असेल तर पुल डायरेक्शन (साचा उघडण्याची दिशा) द्या, भिंतींना किमान १ अंश ड्राफ्ट (उतार) लावा आणि ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस चालवूनच फाइल पुढे पाठवा.

फोर्थ अ‍ॅक्सिसवर तर बहुतेक वेळा मॉडेलही लागत नाही. सपाट डीएक्सएफ (रेखाचित्राची फाइल) कॅममध्ये (मशीनचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घ्या, व्यास द्या. ६० मिमीला १ मिमी म्हणजे १.९१ अंश, पहिल्या ओळीचे अंश एकदा हाताने पडताळून घ्या.

गडूचा गळा सिलिंडरसारखा असतो, पोट मात्र दोन्ही दिशांनी फुगीर. गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केलं की असं पृष्ठ ताण-आकसाशिवाय सपाट होत नाही. त्यामुळे तिथे रॅपची दुसरी पद्धत, ‘स्प्लाइन सरफेस’ही थोडं वाकवणारच. नाव शक्यतो गळ्यावर घ्या; पोटावरच हवं असेल तर लहान ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ देवनागरी खाते. शिरोरेखा, काना आणि मात्रा यांच्या आउटलाइन एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणून एम्बॉस एरर देतं. काही कॅडमध्ये जोडाक्षरंही फुटतात. नाव इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटमध्ये लिहा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, ग्रुप सोडवा आणि सगळ्या तुकड्यांना युनियन लावा. मगच डीएक्सएफ काढा. कॅडमध्ये आणल्यावर एक माप मोजा, कारण युनिट चुकलं तर नाव २५.४ पट लहान-मोठं येतं. शेवटी मात्रा आणि शिरोरेखेतल्या फटी मोजा: १ मिमीचा कटर त्याहून अरुंद फटीत शिरत नाही, आणि ‘नाशिक’ची वेलांटी बुजून जाते.