रुग्णवाहिकेचा दिवा घेण्याआधी

कोल्हापुरात रुग्णवाहिका फक्त दवाखान्यांच्या नसतात. एखादी तालीम, पतसंस्था, दूध संस्था, गणेश मंडळ पैसे जमवून गाडी घेतं आणि ती गाडी गावाची होते. गाडी कुठली, ऑक्सिजनचा सिलिंडर केवढा, स्ट्रेचर कसलं, यावर बैठकीत तासन्‌तास बोलणं होतं. शेवटी बॉडीवाला, म्हणजे गाडीची बॉडी बांधून देणारा, विचारतो, "वरचा लाइट कुठला टाकू?" आणि कुणीतरी म्हणतं, "चांगल्यातला टाका." उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून मी अशा बऱ्याच गाड्यांचं वायरिंग केलं आहे. चांगल्यातला म्हणजे कसला, हे त्या बैठकीतच ठरावं म्हणून ही तयारी लिहून काढतो आहे.

पहिली गोष्ट कागदाची, कारण ती चुकली तर बाकीचं सगळं वाया. दिवा गाडीच्या नोंदणीला चिकटलेला असतो, गाडीच्या मालकाला नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे निघाले. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, कायदा-सुव्यवस्था आणि नैसर्गिक आपत्तीच्या कामावर असलेल्या ठरावीक गाड्यांपुरताच राहिला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०८ हे ठरवतो. रुग्ण नेणाऱ्या गाडीसाठी त्यात जांभळ्या काचेच्या लुकलुकत्या लाल दिव्याचा वेगळा उल्लेख आहे. त्यामुळे आधी आरसीवर 'रुग्णवाहिका' असं लिहून येतंय ना ते बघा. एआयएस-१२५ या मानकात रुग्णवाहिकांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. आपली गाडी त्यातल्या कुठल्या प्रकारात बसते, हे बॉडीवाल्याकडून लेखी घ्या आणि दिव्याचा नमुना आरटीओत दाखवूनच ऑर्डर द्या. मंडळाची दुसरी जीप पूर आला की बचावाला धावते, म्हणून तिच्यावरही दिवा लावू, असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा. पुरात त्या पोरांनी केलेलं काम मी डोळ्यांनी बघितलं आहे, त्यांच्याबद्दल आदर आहे; पण परवानगी नसलेल्या प्रत्येक दिव्यामुळे खऱ्या दिव्याला वाट देणारा एक माणूस कमी होतो.

आता मुख्य प्रश्न. दिवा कुणाला दिसायला हवा? गाडीचं पूजन करताना आपण समोर उभे असतो, आणि लाइटबार, म्हणजे टपावरची दिव्यांची आडवी पट्टी, आपल्याला झगझगीत दिसतो. रस्त्यावर आपल्याकडे तोंड करून कुणीच उभं नसतं. पुढचा रिक्षावाला आपल्याला त्याच्या हातभर आरशात बघतो. त्या आरशात गाडीचं टप येतच नाही, बंपर आणि बॉनेटखालची पुढची जाळी येते. म्हणजे रिक्षा, मोपेड आणि लहान कार यांच्यासाठी दिवा खाली, जाळीत हवा. दोन्ही बाजूंना एकेक, आरशाच्या उंचीला. ऊस हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे असेल तर उलटं. उसाच्या भाऱ्यांमागून ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीही दिसत नाही, त्यात टेप मोठ्यानं चालू असतो. त्याच्यासाठी खालचे दिवे बिनकामाचे. त्याच्या समोरून येणारा माणूस वरचा लाइटबार बघून त्याला हात करतो, तेव्हा तो बाजूला घेतो. हे मी शिरोळ रस्त्यावर कितीदा तरी बघितलं आहे.

तिसरा माणूस आडव्या रस्त्यानं येतो, आणि सगळ्यात जास्त धोका त्याच्याकडून. पापाची तिकटी, बिंदू चौक, महाद्वार रोड, या भागात घरं रस्त्याला लागून आहेत. गाडीचं नाक गल्लीच्या तोंडाबाहेर आल्याशिवाय वरचा लाइटबार आडव्या रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही, कारण तो नाकाच्या चार फूट मागं, टपावर असतो. म्हणून पुढच्या मडगार्डवर, चाकाच्या वर, बाजूला तोंड केलेला एकेक छोटा दिवा लावा. खर्चात हा दिवा सगळ्यात किरकोळ आणि कामात सगळ्यात मोठा. पैसे कमी पडत असतील तर वरचा लाइटबार आखूड घ्या, पण हे दोन सोडू नका.

मागच्या बाजूचं बहुतेक मंडळं विसरतात. गाडी अपघाताच्या जागी थांबते तेव्हा मागचा दरवाजा उघडा असतो, आणि दरवाजावर बसवलेला दिवा आकाशाकडे नाहीतर बाजूला बघत राहतो. मागचे दिवे दरवाजाच्या वरच्या चौकटीवर बसवा. दरवाजा पूर्ण उघडून, मागं जाऊन, दिसतात का ते बघा.

रंगाचं एक साधं शास्त्र आहे. उजेडात आपला डोळा पिवळ्या-हिरव्या भागात जास्त तल्लख असतो आणि अंधार पडेल तसा निळ्याकडे सरकतो. म्हणून तोच निळा दिवा दुपारी फिका वाटतो आणि रात्री डोळ्यात घुसतो. लाल दिवसा आभाळासमोर उठून दिसतो, पण रात्री पुढच्या गाड्यांच्या ब्रेकलाइटच्या रांगेत हरवतो. परवानगीत जो रंग बसतो तोच घ्यायचा, तिथं निवड नाही. पण घेतलेला रंग कुठल्या वेळेला कमी पडतो हे माहीत असलं की बाकीची मांडणी त्याप्रमाणे करता येते.

लाइटबारमध्ये पांढरा असेल, तर त्याच्याबद्दल मात्र मनापासून सांगतो. एका पावसाळ्यात गगनबावड्याहून रात्री रुग्ण आणणाऱ्या गाडीत मी पुढं बसलो होतो. नवीन लाइटबार, मीच बसवलेला, कसा चालतो बघायला गेलो होतो. धुकं इतकं की बॉनेटच्या पुढं रस्त्याची पांढरी पट्टी दोन-तीन हातच दिसायची. लाइटबारमधला पांढरा दर लुकलुकीला धुक्यावर आदळून परत यायचा, आणि काचेसमोर पांढरी भिंत उभी राहायची, जायची, उभी राहायची. ड्रायव्हरनं गाडी जवळजवळ थांबवली. बटण एकच होतं. सगळं चालू नाहीतर सगळं बंद. शेवटी सगळं बंद करून, पार्किंग लाइट आणि खालचे फॉग लॅम्प यांच्यावर तो घाटमाथा काढला. मागं रुग्णाच्या आईचा सारखा एकच प्रश्न, "अजून किती?" दुसऱ्याच दिवशी गाडी बोलावून मी पांढऱ्याचं बटण वेगळं केलं. करूळ, भुईबावडा, आंबा घाट या बाजूला जाणारी गाडी असेल तर पांढरा वेगळ्या बटणावरच हवा, याबाबतीत मी ऐकत नाही.

त्याच कारणानं तीव्रताही कमी करता आली पाहिजे. जास्त झगझगीत म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत रात्री थांबलेल्या गाडीला लागू होत नाही. मागून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात आणि दिव्याशेजारी स्ट्रेचर धरून उभी असलेली माणसंच त्याला दिसत नाहीत. दिवस आणि रात्र अशा दोन पातळ्या असलेला लाइटबार मागा. युरोपच्या आर-६५ मानकात अशा दोन पातळ्यांच्या दिव्याचा वेगळा वर्ग आहे. लुकलुकीचा वेगही त्यात बांधून दिला आहे, सेकंदाला दोन ते चार वेळा. दुकानदार पंचवीस-तीस नमुने दाखवतो. टिपटिप, सळसळ, गरगर. एक चालताना आणि एक थांबल्यावर, असे दोन पुरतात. थांबल्यावरचा सावकाश हवा, म्हणजे मागच्याला गाडीपर्यंतचं अंतर नीट कळतं.

खरेदी करताना एलईडीच घ्या, त्यावर फार विचार नको. जुना फिरता हॅलोजन ५५ वॅटचा, म्हणजे एक बल्ब साडेचार अँपिअरच्या पुढं खातो. धूळ-पाण्यापुढं दिवा किती टिकतो, याचा दर्जा त्याच्यावर छापलेला असतो. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा चालतो. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. टपावर ६५ पुरतो. जाळीतले आणि मडगार्डचे ६७ चेच घ्या, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर खालच्या दिव्यांना रस्त्यावरच्या पाण्याचा मार सतत असतो. काच पॉलिकार्बोनेटची आणि उन्हात पिवळी न पडणारी, असं बिलावर लिहून घ्या.

वायरिंगवर आता जरा थांबतो, कारण दिवा चांगला असून गाडी अडल्याचं मी बघितलं आहे. वाघबीळच्या वळणावर रात्री अपघात झाला होता. एका संस्थेची रुग्णवाहिका तिथं पोचली, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, दिवे चालू ठेवले. टपावर दोन हॅलोजन, आतले दिवे, भोंग्याचा अँप्लिफायर, आणि बॅटरी जुनी. जखमींना काढायला बराच वेळ गेला. पहिल्या जखमीला आत घेतलं, चावी फिरवली, आणि स्टार्टर नुसता टक-टक वाजला. मागून आलेल्या दुधाच्या टेम्पोला जंपर लावून गाडी चालू करेपर्यंत अकरा मिनिटं गेली. मला फोन आला होता म्हणून मी नंतर तिथं गेलो. ती अकरा मिनिटं तिथल्या माणसानं घड्याळ बघून मोजली होती.

म्हणून आधी बेरीज करा. लाइटबार, जाळीतले, मडगार्डचे, मागचे, भोंगा, आतले दिवे, सक्शन मशीन, प्रत्येकाचे अँपिअर कागदावर मांडा आणि इंजिन मंद चालू असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीज बनवणारा भाग, किती अँपिअर देतो त्याच्याशी ताडून बघा. पुस्तकात लिहिलेला आकडा इंजिन पळत असतानाचा असतो, मंद चालीला तो बराच खाली येतो. रुग्णाच्या केबिनसाठी दुसरी बॅटरी आणि मध्ये आयसोलेटर, म्हणजे दोन बॅटऱ्या एकमेकींपासून तोडणारा स्विच, घातला तर केबिनच्या भारानं स्टार्टरची बॅटरी रिकामी होत नाही. वायरीत काटकसर नको. सहा अँपिअरच्या लाइटबारला पाच मीटर जाणारी आणि पाच मीटर परत येणारी अशी एक चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर एक व्होल्ट वायरीतच जातो. अडीचची टाकली तर अर्ध्याहून कमी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, लाइटबारपाशी नको. वायर मधेच घासून उघडी पडली तर दिव्याजवळचा फ्यूज काही वाचवत नाही. अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, टपाच्या पत्र्याला न देता वेगळ्या वायरनं बॅटरीपर्यंत आणा. कंपनीच्या मूळ वायरिंगला कुठंही कापून जोड देऊ नका.

टपाला भोकं पाडताना मधल्या पत्र्यावर नको, आतल्या आडव्या पट्टीवर पाडा. भोकाच्या कडेला प्रायमर, मग रबरी ग्रोमेट (वायर पत्र्याला घासू नये म्हणून भोकात बसवायचं कडं), मग सीलंट. वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी ओघळून बाहेरच ठिबकतं. चुंबकावरचा दिवा रुग्णवाहिकेला घेऊ नका. हायवेच्या वेगात तो निघू शकतो आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाऊ शकतो.

भोंग्याचा वेगळा लेख होईल. इथं एवढंच की स्पीकर बंपरमागं बसवा, टपावर नको. टपावरचा रुग्णाच्या डोक्यावर वाजतो. गाडीला मागं लाल, बाजूंना पिवळी आणि पुढं पांढरी अशी परावर्तक पट्टीही लावून घ्या. बॅटरी संपली तरी ती चमकते.

ताब्यात घेण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ ठेवा. दुपारी चार वाजता गाडी मोकळ्या मैदानात पश्चिमेकडे पाठ करून उभी करा, म्हणजे मावळतीचं ऊन तिच्या मागून येईल आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांवर पडेल. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. पुढच्याला बाजूला घ्यायला सहा सेकंद धरले तर दिवा १०० मीटरवरून कळायला हवा. तेवढ्या अंतरावर जाऊन नुसतं उभं राहून बघू नका. मंडळातल्याच कुणाची रिक्षा घ्या, गाडीकडे पाठ करून तिच्यात बसा आणि आरशात बघा. मग मोपेडवरून बघा. मग एखाद्या गल्लीच्या तोंडाशी गाडी आणून, आडव्या रस्त्यानं चालत या, आणि दिव्याचा उजेड आधी दिसतो की बंपर, ते बघा. वाट न देणाऱ्याला कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे, पण ज्याला दिसलंच नाही तो वाट देणार कुठून? अंधार पडला की सगळे दिवे चालू करून मागच्या दरवाजापाशी एकाला स्ट्रेचर घेऊन उभं करा आणि लांबून येताना तो माणूस दिसतो का बघा. नाही दिसला तर मागची तीव्रता खाली आणा. शेवटी एफएम लावा. दिवे चालू केल्यावर खरखर येत असेल तर तो लाइटबार वायरलेसलाही त्रास देणार, परत करा.

पुढची तयारी दरवर्षीची, मे महिन्यातली. लाइटबारवर दहा मिनिटं पाण्याचा पाइप धरा आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ धरली आहे का ते बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा पातळीला आणि ४३ फुटांना धोका पातळीला येतं. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला होता. तशा दिवसांत गाडी रात्र-रात्र पाण्याच्या काठावर दिवे लावून उभी राहते. तेव्हा दुकानं बंद असतात. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याच अँपिअरचे चार फ्यूज, एक रिले (बटणाच्या लहान करंटवर दिव्याचा मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि वायरिंगचा नकाशा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कुठला फ्यूज कुठल्या दिव्याचा, हे मराठीत, मोठ्या अक्षरात, फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत चिकटवा. रात्रपाळीचा ड्रायव्हर बदलीचा असू शकतो.