टॅब घेऊ का कॉम्प्युटर? दुकानात जायच्या आधी एवढं बघा

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दोन प्रश्न ठरलेले. सायन्स का कॉमर्स, आणि पोराला टॅब घेऊ का कॉम्प्युटर. पहिला विचारायला माझ्याकडं कोण येत नाही, दुसऱ्याला मात्र सगळे येतात, कारण मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघतो आणि गल्लीतले चार-सहा कॉम्प्युटर उघडून धूळ झाडून दिलेत, एवढीच काय ती माझी डिग्री. परवा शेजारचे मामा आले. पोरगं म्हणतंय टॅब पाहिजे, दुकानदार म्हणतोय टॅबला कीबोर्ड लावला की लॅपटॉपच झाला, तू काय म्हणतोस रे? मी विचारलं, मामा, पोरगं तो घेऊन बसणार कुठं?

मामा बघतच राहिले. खरं माझा पहिला प्रश्न हाच असतो, रॅम किती आणि कॅमेरा किती हे मागनं. तुमचं काम खुर्चीत बसून टेबलावर होतंय, का उभ्यानं फिरत होतंय, का भिंतीला टेकून लोळत होतंय, हे एकदा कळलं की निम्मा निकाल लागतो. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्सनं पहिला आयपॅड दाखवला ना, तो टेबलावर ठेवून नाही दाखवला, स्टेजवर मऊ आरामखुर्ची मांडली होती, तिच्यात टेकून मांडीवर घेऊन दाखवला. बनवणाऱ्यानंच सांगून टाकलं की हे कुठं बसून वापरायचं, आपण मात्र त्याला टेबलावर नेऊन ठेवतो आणि मग म्हणतो टायपिंग होईना.

उभ्याचं काम आधी सांगतो, कारण टॅबची खरी कमाल मी तिथंच बघितलीय. आमच्या शॉपमध्ये आधी ड्रॉइंगचे प्रिंट काढून मशीनपाशी लावायचे, दोन दिवसांत ऑइलनं असे माखायचे की ५ का ६ कळायचं नाही, आणि ड्रॉइंग बदललं तरी जुना प्रिंट तसाच लटकत राहायचा. आता इन्स्पेक्शनवाल्याकडं दहा इंची टॅब आहे, पीडीएफ उघडतो, बोटांनी मोठं करून माप बघतो, कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक, दिसलं की तिथंच फोटो काढून त्यावर लाल गोल मारून फाउंड्रीवाल्याला पाठवतो. लॅपटॉप एका हातावर धरून हे करून दाखवा की. एवढंच बघा की ओल्या नाहीतर तेलकट बोटानं टच नीट चालत नाही आणि साध्या हातमोज्यातनं तर मुळीच नाही, म्हणून खिशात एक फडकं लागतंय. साइटवर फिरणारा कॉन्ट्रॅक्टर, घरोघरी जाणारा विमा एजंट, साड्यांचे फोटो गिऱ्हाइकाला दाखवणारा शहापूरचा दुकानदार, ह्यांनी डोळे झाकून टॅब घ्यावा.

आता बसून करायचं काम. माझंच घ्या. माझ्यासमोर एका वेळी हिशेबाचं टॅली, एक्सेलची शीट, पार्टीचा मेल आणि बँकेचं स्टेटमेंट असं चार उघडं असतंय, ह्यातला आकडा तिकडं, तिकडचा इकडं. टॅबवर स्क्रीन दोन भागांत फाडता येतो हे मला म्हाईत आहे, खरं दहा इंचाचा स्क्रीन म्हणजे साडेएकवीस इंची मॉनिटरचा चौथा हिस्सासुद्धा भरत नाही, त्याचे परत दोन तुकडे केले आणि त्यात कीबोर्ड वर आला की आकडे बघायला भिंग लागेल. शिवाय टॅली विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर, अँड्रॉइडवर ते बसत नाही. जीएसटीचं पोर्टल टॅबच्या ब्राउझरमध्ये उघडतं, खरं रिटर्न भरायचं ऑफलाइन टूल विंडोजचंच. टेंडर भरणाऱ्यांकडं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, ते पेन ड्राइव्हसारखं टोकन असतंय, त्याचंही सगळं गणित विंडोज धरूनच. लग्नपत्रिका आणि बॅनर करणारे कोरलड्रॉ आणि श्रीलिपी असल्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर बसलेले, त्यांना टॅब दिला तर सीझनात उपाशी मरतील.

म्हणून मी लोकांना एक उद्योग लावतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाहीतर पोराच्या रफ वहीच्या मागच्या पानावर एक आठवडा लिहून काढायचं, की घरात मोबाइलवर नाहीतर बाहेर सायबरमध्ये जाऊन काय काय केलं. व्हिडिओ बघितला, पेपर वाचला, फॉर्म भरला, अर्ज टाइप केला, प्रिंट काढली, सगळं. मग प्रत्येकाच्या पुढं दोनच गोष्टी लिहायच्या. एक, हे करताना अजून एक कागद किंवा दुसरी विंडो समोर लागली का? दोन, काही वायरनं जोडावं लागलं का, म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, टोकन? ज्याच्या पुढं दोन्हीला नाही आलं ते काम टॅबचं. ज्याला दोन्हीला होय, ते कॉम्प्युटरचं, तिथं दुकानदार काहीही सांगूदे. मधली राहतात ती तुमच्या खिशावर.

मामांच्या यादीत काय निघालं सांगू? टॅबची कामं सगळी आजोबांची आणि कॉम्प्युटरची सगळी पोराची. पोराला वाटायलं होतं उलटं.

पोरांचं जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे तिथंच जास्त चुकतात. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्सचं पोरगं असेल आणि नीट किंवा कर्नाटकची सीईटी देणार असेल तर ती परीक्षा कागदावर, ओएमआरवर गोल काळे करायचे, लेक्चर बघायला आणि पीडीएफ वाचायला टॅब मोबाइलपेक्षा लई बरा, डोळ्यांना तेवढंच सुख. खरं जेईई मेन कॉम्प्युटरवर असते, माऊसनं क्लिक करत प्रश्न सोडवायचे आणि गणित बाजूच्या कागदावर, त्याची सवय टॅबवर बोट मारून होत नाही, मॉक टेस्ट तरी माऊस धरूनच द्यायला लावा. आणि पुढं इंजिनिअरिंगला गेलं तर विषयच संपला. आपल्याकडं व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाचं, मुख्यालयच बेळगावात, त्यामुळं दर चार घरांमागं एक इंजिनिअरिंगवाला, त्याला प्रोग्रॅमिंग, ऑटोकॅड, प्रोजेक्ट रिपोर्ट असलं सगळं लागतं, टॅबवर सी-चा कोड लिहायचं ॲप मिळतंय होय, सायकलवर ऊस पण नेता येतो.

टॅबवर हातानं नोट्स काढायच्या असतील तर मात्र तो वहीला भारी पडतो, मेडिकलवाली पोरं शरीराच्या आकृत्यांवरच खुणा करतात ते मी बघितलंय. खरं पेन बघून घ्या. रस्त्यावर मिळणारं रबराच्या टोकाचं पेन म्हणजे नुसतं बोटाच्या जागी रबर, त्यानं अक्षर कोंबडीच्या पायागत येतं. टॅबच्या कंपनीचं ॲक्टिव्ह पेन लागतं आणि तुमचं मॉडेल ते घेतं का हे आधी विचारायचं, पेन चालू असताना तळहात काचेवर टेकला तर रेघोट्या उठतात का हे दुकानातच लिहून बघायचं. लाजायचं नाही.

आपल्या भागात अजून एक भानगड आहे जी पुण्याकडच्यांना नाही. घरात शिक्षण मराठीत आणि येणारा प्रत्येक सरकारी कागद कन्नडमध्ये. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये. इथं टॅबचा असा उपयोग होतो की गूगल लेन्स उघडायचं, कागदावर धरायचं, भाषांतर मराठी निवडायचं, मोठ्या स्क्रीनवर म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतं. चुका करतंय, नावांची तर पार वाट लावतंय, कागद कशाबद्दल आहे एवढं कळतं आणि तेवढ्यावरच थांबायचं, सर्व्हे नंबर, क्षेत्र, तारीख ह्यासाठी कन्नड वाचणाऱ्या माणसाला कागद दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

टाइपिंगचं म्हणाल तर दोन ओळींचा अर्ज टॅबवर होतो, जीबोर्ड ह्या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही घालून ठेवा आणि पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह दाबून बदला, बोलून टाइप करायचा माइकपण आहे. रोज पान-पान लिहायचं असेल तर कॉम्प्युटर, आणि त्यावर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका. ह्याची एक गंमत लई लोकांना माहीत नाही. इनस्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच केलेली आहे, मराठीत क जिथं आहे तिथंच कन्नडचा क, म्हणजे बोटं एकदाच शिकवायची आणि विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की भाषा बदलली. सीमाभागातल्या पोराला नोकरीसाठी ह्यासारखं स्वस्तातलं शिक्षण नाही.

आता टॅबच घ्यायचं ठरलं असेल तर. माझं स्वतःचं सांगतो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईत एक स्वस्तातला टॅब घेतला, कंपनीचं नाव नको, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. वर्षभरात अशी गत झाली की वर्ग उघडला की पोरगी दात घासून यायची तोपर्यंत बाईंचं तोंड दिसायचं. ३२ जीबीतली बरीच जागा त्याच्या सिस्टीमनंच खाल्लेली असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच्या आधी २०११ ला सरकारनं आकाश टॅब काढला होता, कपिल सिब्बल मंत्री असताना, अडीच हजाराच्या आतला, देशभर गाजावाजा झाला, खरं त्याची काच जुन्या पद्धतीची, नखानं दाबावी लागायची, आणि रॅम २५६ एमबी. हेतू चांगला होता. स्वस्त टॅबचं दुखणं मात्र तेव्हापासून तेच, घेताना स्वस्त आणि वापरताना जीव खातंय.

तर आज ४ जीबी रॅमच्या खाली बघूच नका, ६ किंवा ८ मिळाली तर सोनं, स्टोरेज १२८ जीबी. मेमरी कार्डचा खाचा असला तर व्हिडिओ त्यात टाकता येतात. अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं देणार ते विचारा, दुकानदार गडबडला तर खोक्यावरचं मॉडेल मोबाइलवर टाकून स्वतः शोधा. वाइडवाइन, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणारं कुलूप, एल१ आहे का बघा, एल३ असेल तर पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या ॲपवर चित्र धुरकटच दिसतं, मग स्क्रीन कितीही भारी असूदे, यूट्यूबला मात्र त्यानं काही फरक पडत नाही. पुढं टीव्हीला वायरनं जोडायचा विचार असेल तर टाइप-सीचं भोक आहे म्हणून चित्र जाईल असं समजू नका, बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये तिथनं फक्त चार्जिंग आणि फाइली जातात.

सिमचा घ्यायचा का नुसता वायफायचा? बेळगाव शहरात घरी वायफाय असेल तर सिमवाल्याचे जादा पैसे कशाला, मोबाइलचा हॉटस्पॉट आहेच. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडं, जिथं पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्ही रुसून बसतात, तिथं सिम असून पण उपयोग कमी, रेंज असेल तेव्हा लेक्चर डाउनलोड करून ठेवायची सवय लावा. ह्या बाबतीत टॅब जिंकतो हे मान्यच, एकदा चार्ज केला की दिवसभर पुरतो, साध्या पॉवर बँकेवर पण चालतो. डेस्कटॉपला लाइट गेली की यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचा. लॅपटॉप मधेच कुठंतरी.

आणि कॉम्प्युटर म्हटलं की नवाच पाहिजे असं कुठाय? घरात दहा वर्षांचा डेस्कटॉप रांगत असेल तर भंगारात द्यायच्या आधी त्यात हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीचा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवून बघा, जुनी हार्ड डिस्क हेच निम्मं दुखणं असतं. रॅम वाढवताना डीडीआर३ आहे का डीडीआर४ बघून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. एक अडचण आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ सरळ मार्गानं बसवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचं मशीन असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटातली सिस्टीम घालून पोराच्या अभ्यासाला छान चालतं, बँकेची कामं करायलाही बरं, फक्त टॅलीवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. सेकंडहँड घेणार असाल तर आठव्या पिढीच्या खालचं घेऊच नका, किंमत बघून पाघळू नका.

टॅबला कीबोर्ड लावून लॅपटॉप करायचं जे दुकानदार सांगतो त्याचा हिशेब मी मामांसमोर कागदावर मांडला. टॅब, वर कीबोर्डचं कव्हर, वर माऊस, वर पेन, सगळं मिळून होणाऱ्या पैशात चांगला सेकंडहँड लॅपटॉप येतो आणि वर कुंद्याचा डबा. शिवाय तो कीबोर्ड मांडीवर ठेवला की टॅब मागं कलंडतो. महिन्यातनं दोनदा मेल लिहिणाऱ्याला चालेल.

शेवटी मामांनी ओळखीच्या ऑफिसमधनं निघालेला डेस्कटॉप घेतला, एसएसडी मी बसवून दिला, पोरगं दोन दिवस फुगून होतं, आता त्यावर पायथन का काय ते करायलंय. उरलेल्या पैशात आजोबांना साधा टॅब. ते सकाळी त्यावर तरुण भारत वाचतात, अक्षर दोन बोटांनी मोठं करून, आणि संध्याकाळी हरिपाठाला तोच टॅब पेटीवर उभा. फक्त पान उलटायला ते अजून बोटाला थुंकी लावतात, त्यामुळं स्क्रीन गार्ड तेवढा चांगला टाकून घ्या.