कंट्रोलची मोहरी पिवळी पडली तेव्हा

एमएस्सी ॲग्री करून पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत लागले आणि सहा महिन्यांनी पहिली चाचणी माझ्या एकटीच्या हातात आली. मातीत मिसळलेलं रसायन पिकांच्या रोपांना किती सोसतं ते बघायचं होतं. ओईसीडी २०८, म्हणजे या चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली, तुम्ही वाचलेलीच असेल, त्यामुळे पद्धत पुन्हा सांगत नाही. डोसची मालिका, मिसळणं, हिशेब यांचीच मला धास्ती होती. ते सगळं व्यवस्थित झालं. फसले ते ज्या कुंडीत काहीच घातलं नव्हतं त्या कुंडीत, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या कंट्रोलमध्ये.

पुण्याच्या आसपासची काळी माती या कामाला फार चिकण पडते. म्हणून मी थेऊरच्या बाजूला ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून नदीकाठची पोयट्याची माती आणली. रान उसाचं होतं. माती हाताला भुसभुशीत लागत होती, २ मिमीच्या चाळणीतून सरसर पडत होती. मला ती इतकी आवडली की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही. मका, ज्वारी, मोहरी, काकडी आणि टोमॅटो अशी पाच पिकं पेरली.

चौथ्या दिवशी मोहरी वर आली. कंट्रोलमध्ये २० पैकी १८ बिया उगवल्या. उगवण किमान ७० टक्के हवी, माझी ९० होती. मी वहीत तारीख टाकून बरोबरची खूण केली आणि निर्धास्त झाले. इथेच चुकले, म्हणून हा भाग जरा लांबवून सांगते.

आठव्या-नवव्या दिवशी मोहरीची खालची पानं कडेने पिवळी व्हायला लागली. आधी कडा, मग शिरांच्या मधला भाग, आणि शेवटी कड कागदासारखी वाळून करकरीत. काकडीचं तेच, टोमॅटोचंही तेच. सगळ्यात वरच्या डोसला जे दिसत होतं तेच सगळ्यात खालच्या डोसला आणि कंट्रोललाही. मका-ज्वारी मात्र हिरवीगार. मी आधी पाणी वाढवलं, मग कमी केलं. दिवे बदलले. मूळकूज असेल म्हणून दोन रोपं उपटून पाहिली, तर मुळं पांढरीशुभ्र. त्या चार दिवसांत मला नीट झोप लागली नाही.

उत्तर दिलं ते कुंड्या भरायला मदत करणाऱ्या काकांनी. त्यांनी मोहरीचं एक पान बोटांत धरलं आणि विचारलं, "ताई, त्या रानात तणाचं औषध कधी मारलं होतं?" मी शेतकऱ्याला फोन लावला. उसाच्या लागणीनंतर ॲट्राझिन मारलं होतं, त्याला तीन महिनेही झाले नव्हते.

आता यातली मेख समजून घ्या. ॲट्राझिन उगवण रोखत नाही, ते पानातलं प्रकाशसंश्लेषण अडवतं. बी रुजतं ते स्वतःच्या साठ्यावर, त्यामुळे रोप खुशाल वर येतं आणि ७० टक्क्यांची अट आरामात पास होते. साठा संपून रोप पानांवर जगू लागलं की मग कोसळतं. मका, ज्वारी, ऊस ते औषध आपल्या पेशींत निकामी करून टाकतात, म्हणून त्यांना काही होत नाही. त्या आठवड्यात मी एकटा मका बघितला असता तर माती चांगली म्हणून सही करून मोकळी झाले असते. अट एकच नाही हे विसरू नका: उगवलेल्या कंट्रोल रोपांपैकी किमान ९० टक्के शेवटपर्यंत जगायला हवीत, आणि त्यांच्यावर पिवळेपणा, करपा, वाकडेपणा असं काही दिसता कामा नये.

त्या वेळी एका वरिष्ठांनी सुचवलं की खराब दिसणाऱ्या कुंड्या वगळ, बाकीच्यांवर आकडे बसव. नका करू. कोणीही सांगितलं तरी करू नका. कंट्रोल आजारी असेल तर ती चाचणी झालीच नाही. मार्गदर्शक निवडताना एक बघा: तो पॉलिहाऊसमध्ये येऊन कुंडीशी वाकतो का? नुसत्या तक्त्यावर सही करणाऱ्यापेक्षा माती चाळणाऱ्या काकांकडून मी जास्त शिकले, हे माझं ठाम मत आहे.

आता मी नवी माती आली की रसायनाला हात लावायच्या आधी तिच्यात मोहरी आणि काकडी पेरते आणि पूर्ण तीन आठवडे थांबते. निम्म्या कुंड्यांत ॲक्टिव्हेटेड चारकोलची, म्हणजे रसायन शोषून धरणाऱ्या कोळशाची, पूड मिसळते. कोळशाच्या कुंडीत रोप टवटवीत आणि बिनकोळशाच्या कुंडीत पिवळं दिसलं, तर मातीत आधीचं काहीतरी आहे असं समजायचं. वेळ नाही म्हणून पेट्रीडिशमध्ये गाळणकागदावर बी रुजवून भागवू नका. तिथे पानांवर जगण्याची वेळच येत नाही, आणि माती रसायन धरून ठेवते तेही कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. डोस सुक्या मातीच्या किलोवर असतो. आधी थोडी माती १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढा. सुक्या वजनाच्या २० टक्के पाणी असेल, तर एक किलो सुक्या मातीसाठी १२०० ग्रॅम ओली माती मोजावी लागते. रसायन ॲसिटोनमध्ये विरघळवून वाळूवर घेत असाल तर ॲसिटोन पूर्ण उडू द्या आणि नुसत्या ॲसिटोनचा वेगळा कंट्रोल ठेवा. दुकानातलं औषधाचा गुलाबी लेप दिलेलं बी घेऊ नका, बिनप्रक्रियेचं मागून घ्या. एप्रिल-मे मध्ये पुण्यात गच्चीवर ही चाचणी होत नाही, तापमान ३२ अंशांच्या वर जाऊन चालत नाही. उजेड १६ तास हवा, आणि आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपासच असतो, म्हणून दिवे लागतातच. दिवस मोजायचे ते पेरणीपासून नाही, कंट्रोलची निम्मी रोपं वर आल्यापासून.

तुमचीही पहिली चाचणी वाया गेली तर घाबरू नका. तीन आठवडे गेले, वर्ष गेलं नाही. मीही पुन्हा पेरलं. या वेळी माती बांधाच्या पलीकडच्या पडीक तुकड्यातली होती, शेतकऱ्याला तीन वर्षांचा सगळा इतिहास विचारून घेतलेली. दहाव्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडून आधी कंट्रोलच्या मोहरीकडे गेले आणि खालचं पान उलटून कड पाहिली. हिरवी होती.