बीएमएसचा प्लग सगळ्यात शेवटी: चार सेलच्या घरगुती लिथियम पॅकची तयारी

खरेदीला निघण्याआधी कागदावर थोडी आकडेमोड करून घ्या, कारण काउंटरवरचा माणूस "किती अँपियरचा हवा?" एवढंच विचारतो आणि तिथे अडखळलं की समोर असेल तो बीएमएस बोर्ड (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे सेल जास्त चार्ज होऊ नयेत किंवा जास्त उतरू नयेत म्हणून जोडणी तोडणारा बोर्ड) हातात पडतो. इथे धरलेला पॅक ३.२ व्होल्टच्या, १०० एएचच्या (अँपियर-तासांच्या) चार एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा, म्हणजे १२.८ व्होल्टचा, घरच्या इन्व्हर्टरसाठी आहे. इन्व्हर्टरवर ५०० वॉटचा लोड धरला आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर बॅटरीतून साधारण ५९० वॉट निघतात. पॅक उतरत १२ व्होल्टवर आला की हेच ४९ अँपियर होतात. मग ६० अँपियरचा बोर्ड पुरेल असं वाटतं, पण स्वस्त बोर्डांवर छापलेला आकडा पंख्याची हवा लागेल अशा टेबलावरचा असतो, मे महिन्यात पोटमाळ्यावर बंद डब्यात बसलेल्या बोर्डाचा नाही. १०० अँपियरचा घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बोर्ड एलएफपीसाठीचाच आहे ना, हे छापील अक्षरात वाचून घ्या. साध्या लिथियम आयनचा '४ एस' (चार सेल एकापुढे एक जोडण्याचा) बोर्ड दिसायला सारखाच असतो, पण तो सेल ४.२५ व्होल्टच्या आसपास गेल्यावर तोडतो आणि एलएफपीची मर्यादा ३.६५ आहे. असा बोर्ड लावला तर चार्जिंगच्या बाजूने संरक्षण नसल्यातच जमा.

मुंबईत बोर्ड, मल्टिमीटर आणि बारीक कनेक्टर लॅमिंग्टन रोडला मिळतात. जाड वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) आणि फ्यूज लोहार चाळीत, तर टॉर्क रेंच, स्प्रिंग वॉशर आणि नट नागदेवीला. रविवारी यातली बरीच दुकानं बंद असतात. मुख्य वायर १६ स्क्वेअर एमएमची, मल्टिस्ट्रँड तांब्याची, लाल आणि काळी प्रत्येकी दोन मीटर पुरते. लग टिनचा मुलामा असलेलेच घ्या. खाऱ्या हवेत उघडं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. लग हातोडीने चेपू नका. क्रिंपिंगचं हत्यार नसेल तर ज्या दुकानातून लग घेता, तिथेच वायर मापाने कापून दाबून घ्या. फ्यूज १०० अँपियरचा आणि डीसीसाठीचा हवा. घरच्या बोर्डातली साधी एसी एमसीबी इथे चालवू नका: एसीत विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती तशीच जळत राहते.

फ्यूज लाल बाजूला, पॅकच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत. "बीएमएस आहे की, फ्यूज कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. बोर्डावरचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू अवस्थेतच अडकतात. त्या दिवशी शॉर्ट झाला तर तोडायला फ्यूजशिवाय कोणी नसतं.

सेल हातात आले की प्रत्येकाचा व्होल्टेज तीन दशांशांपर्यंत मोजून सेलवरच मार्करने लिहा, आठवडाभर तसेच ठेवा आणि पुन्हा मोजा. एलएफपीचा आलेख मधल्या भागात इतका सपाट असतो की ३.२९ आणि ३.३० यातला फरक क्षुल्लक वाटतो, पण चारपैकी एकच सेल खाली सरकत असेल तर तो परत करायचा सेल आहे. फुगलेला, निळी स्लीव्ह फाटलेला किंवा क्यूआर कोड खरवडलेला सेल 'ए-ग्रेड' म्हणून कितीही गोड बोलून दिला तरी घेऊ नका. सेलची अ‍ॅल्युमिनियमची डबी तटस्थ नसते, तिच्यावर व्होल्टेज असतो. म्हणून दोन सेलच्या मध्ये फिश पेपर (इन्सुलेशनचा चिवट कागद) किंवा ग्लास इपॉक्सीची पातळ शीट हवीच, नुसत्या स्लीव्हवर भिस्त नको.

यानंतर टॉप बॅलन्सिंग, म्हणजे चारही सेल पूर्ण भरून एका पातळीवर आणणं, आणि ते टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. बोर्ड स्वतः बॅलन्स करतो हे खरं, पण साध्या बोर्डाचा बॅलन्स करंट ५० मिलिअँपियरच्या आसपास असतो. दोन सेलमध्ये २ एएचचा फरक असला तर तो भरून निघायला ४० तास लागतात, आणि तेही सेल वरच्या टोकाला असताना. एरवी बोर्ड गप्प असतो. म्हणून चारही सेल समांतर जोडा, बेंच सप्लाय (व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा डीसी सप्लाय) आधी उघड्या टोकांवर ३.६५ वर लावा आणि मगच सेलना जोडा. १० अँपियरचा सप्लाय असेल आणि सेल अर्धे भरलेले असतील तर २० तासांहून जास्त वेळ लागेल. करंट अर्ध्या अँपियरपर्यंत उतरला की झालं. मध्येच चार्जिंग संथ वाटलं म्हणून व्होल्टेजचं बटण वर फिरवू नका. वायरीत पडणारी घट भरून काढायला वाढवलेला व्होल्टेज शेवटी सेलच्याच डोक्यावर बसतो, आणि तोवर माणूस झोपलेला असतो.

आता सेल समांतर जोडणीतून सोडवून बसबारने (धातूच्या जोडपट्ट्यांनी) एकापुढे एक, एकाचा पॉझिटिव्ह पुढच्याच्या निगेटिव्हला, जोडायचे. बसबार लावण्याआधी टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने हलके घासा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि लगेच आवळा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची पापुद्री काही मिनिटांत परत येते. एम ६ च्या स्टडला ४ ते ६ न्यूटन-मीटर पुरतं. सेलच्या डेटाशीटमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. अंदाजाने पिळलं की आटे जातात, आणि आटे गेलेला सेल म्हणजे गेलेला सेल.

काम सुरू करताना अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला तोंडापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. या पॅकच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर हजारांत अँपियर वाहतात, पाना वितळून चिकटतो. चाळीच्या गॅलरीत किंवा जिन्यावर हे काम मांडू नका, तोच सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता असतो. कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवा.

आता वायरिंग. बोर्डाची बी-मायनस ही जाड वायर पहिल्या सेलच्या निगेटिव्हला, पी-मायनस इन्व्हर्टरकडे. बॅलन्सच्या बारीक वायरींचा प्लग बोर्डातून काढून बाजूला ठेवा आणि बी-मायनस आधी आवळा. ती सैल राहिली आणि लोड चालू झाला तर सगळा करंट केसाएवढ्या काळ्या बॅलन्स वायरीतून जाऊ पाहतो, वायर जळते आणि बोर्डही सोबत जातो. मग काळी बॅलन्स वायर त्याच निगेटिव्हवर, पुढच्या चार अनुक्रमे प्रत्येक सेलच्या पॉझिटिव्हवर. काही बोर्डांत काळी वेगळी नसते, चारच वायरी येतात. त्या बोर्डासोबतचा नकाशाच प्रमाण. जुन्या बोर्डाचा प्लग नीट बसतो म्हणून नव्यात घालू नका, पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. वायरी बसबारच्या कडेवरून नेऊ नका, कंपनाने इन्सुलेशन कापलं जातं.

प्लग अजून हातातच आहे. मीटरच्या प्रोबवर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून टोकाचं फक्त दोन मिलिमीटर धातू उघडं ठेवा, नाहीतर प्लगमध्येच दोन पिना शॉर्ट होतील. मीटरचा काळा प्रोब काळ्या वायरीच्या पिनेवर ठेवून लालने एकेक पिन मोजा. अर्धवट भरलेल्या सेलवर ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे जिने दिसले पाहिजेत. टॉप बॅलन्सिंग नुकतंच झालं असेल तर प्रत्येक पायरी थोडी उंच येईल, पण पायऱ्या सारख्याच हव्यात. एखादी पायरी गाळून एकदम ६.६ ची उडी आली किंवा आकड्यापुढे मायनस दिसला तर वायर चुकली आहे, आणि प्लग घातलात तर बोर्डावरची चिप त्याच क्षणी गेली. आकडे कागदावर लिहा, पुन्हा मोजा, मग प्लग दाबा.

प्लग बसल्यावर बी-मायनस आणि पी-मायनस यांच्यामध्ये मोजा. बोर्ड चालू असेल तर जवळपास शून्य. काही व्होल्ट दिसले तर बोर्ड अजून झोपलेला आहे. बरेच नवे बोर्ड चार्जरचा व्होल्टेज मिळाल्याशिवाय जागे होत नाहीत, म्हणून लगेच 'खराब माल' म्हणून दुकान गाठू नका. तापमानाचा सेन्सर मधल्या दोन सेलच्या फटीत कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) चिकटवा, हवेत लोंबकळत नको. बोर्डही सेलच्या डोक्यावरच्या व्हेंटवर (गॅस बाहेर पडायच्या झडपेवर) न ठेवता बाजूला, धातूची पाठ मोकळ्या हवेत ठेवा.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर एकदम करंट ओढतात, ठिणगी उडते आणि बोर्ड शॉर्ट सर्किट समजून बंद होतो. ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर मध्ये धरून पाच सेकंद कपॅसिटर भरू द्या, मग लग आवळा. इन्व्हर्टरची सेटिंगही त्याआधीच बघा: चार्जिंग १४.६ च्या वर जाता कामा नये, १४.२ असेल तर उत्तम. ट्यूब्युलर बॅटरीच्या मोडमध्ये काही इन्व्हर्टर यापुढे जातात आणि मग बोर्ड सारखा चार्जिंग तोडत राहतो. १०.५ व्होल्टवर लोड तोडणारा इन्व्हर्टर एका सेलला २.६२ पर्यंत उतरवतो, बोर्डाच्या कटऑफच्या अगदी काठावर, ११.५ किंवा १२ चा पर्याय असेल तर तो निवडा.

पहिलं चार्जिंग १० अँपियरच्या आत आणि कोणीतरी समोर बसून. दर अर्ध्या तासाने चारही सेल मोजा, एखादा ३.६ च्या पुढे पळत असेल आणि बाकीचे ३.४ वर असतील तर टॉप बॅलन्सिंग अपुरं राहिलंय, तिथेच थांबा. पुढच्या आठवड्यात आणि नंतर दर पावसाळ्याआधी लोड बंद करून नट तपासा. प्रत्येक नटावरून बसबारपर्यंत पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट सरकला.