दुर्घटनेनंतर भजनाचा ग्रुप भजनाचाच कसा ठेवावा

मराठवाड्यात भजनी मंडळांचे, पेटी-पखवाज शिकणाऱ्यांचे, अभंग ऐकणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप तालुक्यागणिक आहेत. एरवी तिथं चाली, रेकॉर्डिंग आणि ‘हा अभंग काळी दोनमध्ये (पेटीवरच्या त्या पट्टीत) झेपेल का’ असलं बोलणं चालतं. मोठी दुर्घटना झाली की तासाभरात ग्रुप बातम्यांचा होतो आणि ॲडमिनला सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ग्रुप बंद करा, कुणी म्हणतं आठ दिवस सुतक पाळा, कुणी म्हणतं बोलू द्या, मन मोकळं होतं. मी अनेक वर्षं असे ग्रुप सांभाळतो आणि या तिन्ही सल्ल्यांनी ग्रुप मोडलेले पाहिले आहेत.

सगळ्यात आधी बातमी खरी आहे का ते बघा. १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री तबलावादक झाकिर हुसेन गेल्याची बातमी सगळीकडं पसरली, तेव्हा कुटुंबीय ते हयात असल्याचं सांगत होते. निधनाला दुजोरा मिळाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. एक रात्र थांबल्यानं श्रद्धांजली कमी होत नाही.

मग ॲडमिननं एकच संदेश टाकावा आणि तो सात दिवसांसाठी पिन करावा. त्यात काय घडलं ते एका ओळीत, मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक, आणि ‘श्रद्धांजलीसाठी याच संदेशावर हात जोडा, वेगळे फोटो टाकू नका’ एवढंच असावं. दोनशे जणांनी दिव्याचं एकच चित्र टाकलं की आपल्या माणसाची खबर विचारणारा संदेश त्याखाली गाडला जातो.

मृतदेहांचे फोटो दिसताक्षणी काढा. ॲडमिनला कुणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो, चर्चा नंतर. दोन बाणांचं चिन्ह असलेला, म्हणजे अनेक हातांतून फिरून आलेला व्हिडिओही काढा. ‘ॲडमिनवर केस होईल’ म्हणून हे करायचं नाही. सदस्यानं काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलेलं आहे. करायचं ते यासाठी की त्या फोटोतल्या माणसाचा भाऊ आपल्याच ग्रुपमध्ये टाळ धरणारा असू शकतो.

पैसे गोळा करण्याचे क्यूआर कोड ग्रुपवर नकोत. कुणाचेही नकोत, ॲडमिनचेही नकोत.

‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सोय फार तर एका रात्रीपुरती वापरा. जास्त दिवस कुलूप लावलं की लोक दुसरा ग्रुप काढतात. तो रागातून निघालेला असतो आणि तिथं संगीत नसतं.

इथवरचं सोपं आहे. अवघड आहे ते पुन्हा सूर लावणं.

सप्टेंबर २०२५ चा पूर आठवा. धाराशिवकडं भूम-परंडा, इकडं बीड; उभं सोयाबीन गेलं, रानातली माती खरवडून गेली. अशा वेळी ग्रुपवर कुणी रियाजाची फीत टाकली की हमखास उत्तर येतं, ‘तिकडं गावं पाण्यात अन् तुम्ही इथं ताना घ्यायलेत व्हय?’ हे वाक्य आलं की सगळे गप्प होतात. ते गप्प राहणं आठवडाभर टिकलं, तर त्या रिकाम्या जागेत धरणाचं पाणी कुणी सोडलं हा वाद शिरतो आणि तिथून पक्ष आणि जात यायला वेळ लागत नाही. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच, म्हणून हे नीट सांगतो.

ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना आधी फोन करा. संदेश नको, फोन. जेवण झालं का, जनावरं कुठं आहेत, हे विचारा, आणि मग सरळ विचारा, ‘माउली, ग्रुपवर भजन सुरू केलं तर चालेल का?’ बहुतेक जण हो म्हणतात. कुणी ‘चार दिवस थांबा’ म्हटलं तर चार दिवस थांबा. तो अधिकार त्यांचाच आहे, लांबून संतापणाऱ्यांचा नाही. आणि हे लोक ग्रुपवर जे लिहितील ते विषयाला सोडून आहे असं कधीही म्हणू नका. त्यांना नियम नाही.

पहिली फीत मंडळातल्या जाणत्या बुवांनी टाकावी. निर्गुणी, म्हणजे निराकार देवाचा, अभंग असावा, फक्त आवाज असावा, व्हिडिओ नको. गौळण, तराणे, पखवाजाची चढाओढ यांना नंतर जागा आहे. त्या फितीखाली ‘वा बुवा’ लिहू नका, हात जोडणं पुरे. दुसऱ्या दिवशी दुसरी फीत, तिसऱ्या दिवशी चालीवर एखादा प्रश्न. असं हळूहळू ग्रुप मूळ पदावर येतो.

ताना घेण्यावरून चिडलेल्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्यालाही फोनच करा. त्याचा राग खरा असतो. त्याला एवढंच म्हणा की आपल्याकडं मयतीबरोबर टाळ-पखवाज जातो, दहाव्याला, तेराव्याला कीर्तन होतं, मग आज आपण भजन का थांबवायचं? हे त्याला नवीन नसतं, त्यानं स्वतः अशा वेळी टाळ धरलेला असतो. चारचौघांत सुनावलेला माणूस मात्र ग्रुप सोडतो आणि जाताना चार जण नेतो.

धरण, नुकसानभरपाई, पंचनामे हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यावर बोलायलाच हवं. त्यासाठी गावाचा ग्रुप आहे, तलाठी आहे, तहसील आहे. आपल्याकडं यावं ते आपल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही असं. पुराच्या वेळी मी ग्रुपवर विचारायला लावतो की कुणाच्या मंडळाचं काय भिजलं. मग माहिती येते ती अशी: भिजलेला पखवाज उन्हात ठेवू नका, कातडं आखडून तडकतं, गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) काढून, वादी (ताणाची कातडी दोरी) ढिली करून सावलीत वाऱ्याला ठेवा. शाई, म्हणजे कातड्यावरचा काळा थर, सुटली असेल तर घरी चिकटवत बसू नका, पुडी (तोंडावरचं कातडं) कारागिराकडं न्या. पेटीत गढूळ पाणी गेलं असेल तर ‘वाजतीय का बघू’ म्हणून भाता हलवू नका, गाळ सुरांत, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्यांत, जाऊन बसतो. आधी खोलून घ्या. ज्या मंडळाचं सगळं गेलं त्यांना दुसऱ्या मंडळानं जास्तीचे टाळ पोचवायचे, हेही तिथंच ठरतं. दुर्घटनेबद्दलचं हे बोलणं ग्रुपच्या विषयाचंच आहे, ते अडवू नका.

दुर्घटना म्हणजे एखाद्या कलावंताचं जाणं असेल तर शोक हाच विषय असतो. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या तेव्हा आपापल्या आवडीची गाणी सगळ्यांनाच टाकायची होती. तेव्हा नियम एकच ठेवा: प्रत्येकानं एकच फीत टाकायची आणि तिच्यात काय ऐकायचं ते दोन ओळींत लिहायचं. निव्वळ लिंक नको.

सातव्या दिवशी पिन काढा. काढताना काही जाहीर करू नका.

वर्षश्राद्धाची तारीख मात्र लिहून ठेवा. लातूर-धाराशिवच्या ग्रुपांना ३० सप्टेंबर सांगावा लागत नाही. १९९३ ला गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. पुनर्वसित गावांतले लोक आजही अशा ग्रुपांत आहेत. त्या दिवसाचा संदेश आदल्या रात्रीच लिहून ठेवा, पहाटे टाका आणि संध्याकाळच्या भजनाची वेळ त्यातच सांगा.